बारावीपुरतं कुलूप

लातूरला क्लासेसच्या पाट्यांच्या गर्दीत एक अरुंद दुकान होतं. तिथं चष्मा कपाळावर चढवून शिवकांता बिराजदार टीव्ही दुरुस्त करत बसायची. नवीन गिऱ्हाईक आलं की मेकॅनिक कुठंय म्हणून तिच्या डोक्यावरून आत बघायचं. ती स्टूल पुढं सरकवून म्हणायची, "बसा, मीच हाय."

दुकान मूळचं तिच्या मामाचं, सिद्धलिंगमामाचं. ती आयटीआय करून आली तरी मामा तिला पावत्या लिहायलाच बसवायचे. मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. मामा मदतीच्या ट्रकबरोबर गेले आणि मागं कोणीतरी एका पडलेल्या गावच्या ग्रामपंचायतीचा टीव्ही ढिगाऱ्यातून काढून, पोत्यात बांधून दुकानात आणून ठेवला. शिवकांतानं तो उघडला तर आतून ओंजळभर माती निघाली. दोन दिवस ती ब्रशनं झाडत आणि सुटलेल्या जोडांना सोल्डरचा डाग देत बसली. तिसऱ्या दिवशी गावकऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन तिनं टीव्ही लावून दिला. बातम्या लागल्या. नागम्मा नावाच्या म्हातारीच्या घरातलं कोणी उरलं नव्हतं. तिनं शिवकांताला शेजारी बसवून घेतलं आणि बातम्या संपेपर्यंत तिचा हात सोडला नाही. हे कानावर आल्यावर मामांनी पावतीबुक स्वतःकडं घेतलं आणि हत्यारांची पेटी भाचीकडं सरकवली.

पुढं रंगीत टीव्ही आले, ते आपलं दुखणं आपणच सांगायला लागले. सेट बंद पडला की समोरचा लाल दिवा लुकलुकायचा. दुसरे मेकॅनिक आधी मागचं झाकण काढायचे. शिवकांता समोर बसून दिव्याची उघडझाप मोजायची. किती वेळा लुकलुकून थांबतो त्यावरून कुठला भाग गेला ते कळायचं. कंपनीगणिक मोजणी निराळी, पण तिला ती पाठ होती. रिमोटची बटणं ठरावीक क्रमानं दाबली की सर्व्हिस मोड उघडायचा. त्यात चित्राच्या मापांचे आकडे असायचे आणि आजवर कोणता बिघाड किती वेळा झाला त्याची यादी असायची. तिथं कशालाही हात लावण्याआधी ती सगळे आकडे वहीत उतरवून घ्यायची.

तोवर लातूर बारावीचं गाव झालं होतं. नांदेड, कंधार, उमरी, कुठून कुठून आया लेकरांना घेऊन दोन खोल्या भाड्यानं करून राहायला यायच्या. दोन हजार सातच्या जूनमध्ये नांदेडच्या चंद्रप्रभा मॅडम दुकानात आल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या. लेक मालविका बारावीला, म्हणून वर्षाची बिनपगारी रजा टाकून आलेल्या. त्यांचे यजमान माधवराव नुकतेच तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते. ते टीव्ही नांदेडला ठेवून यायला तयार झाले नाहीत, आणि तो इथं आल्यापासून पोरीचं लक्ष उडालंय, असं मॅडमचं म्हणणं.

"ताई, आमचा टीव्ही मे महिन्यापर्यंत बिघडवून द्या," मॅडम म्हणाल्या.

शिवकांताला हसू आलं. चौदा वर्षं दुरुस्त करण्यात गेली, बिघडवायला कोणी सांगितलं नव्हतं. पण लॉजवाल्यांसाठी सर्व्हिस मोडमध्ये एक सोय असते, हे तिला माहीत होतं. ती चालू केली की टीव्ही एकाच चॅनेलवर अडकून राहतो, रिमोट कितीही दाबा. तिनं घरी जाऊन टीव्ही सह्याद्रीवर अडकवला. माधवराव चहाचा कप घेऊन तिच्या मागं उभे होते.

मॅडमनी ही युक्ती शेजारणींना सांगितली. पावसाळ्यात शिवकांतानं मॅडमचा धरून त्या गल्लीतल्या सहा टीव्हींना असंच कुलूप घातलं.

सप्टेंबरात क्रिकेटचा वीस-वीस षटकांचा विश्वचषक सुरू झाला. एका दुपारी मॅडम, मालविका आणि माधवराव तिघंही ऑटोतून टीव्ही घेऊन दुकानात आले. मालविकाचे डोळे रडून लाल झाले होते. टीव्ही लावला तर चित्र चार बोटांची पट्टी झालेलं, बातम्या देणारी बाई थापलेल्या गोवरीसारखी चपटी. मॅडमचं ठाम मत होतं की पोरीनंच कुलूप उघडायला जाऊन ही वाट लावली. सकाळपासून त्या तिला बोलत होत्या.

"मी हात पण लावला नाही," मालविका म्हणाली.

शिवकांतानं आधी लाल दिवा बघितला. तो मुकाट होता. सर्व्हिस मोडमध्ये बिघाडांच्या यादीपुढं सगळी शून्यं होती. मग तिनं वही काढून पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून बघितली. उभं माप चाळीसचं तीन झालं होतं, आणखी पाच आकडे इकडचे तिकडं.

"पार्ट समदे चांगले हायत," ती म्हणाली. "आकडे आपसूक बदलत न्हाईत. कुणीतरी आत जाऊन आलंय."

मॅडमनी पुन्हा लेकीकडं बघितलं. माधवराव मघापासून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. ते तिकडंच तोंड करून म्हणाले, "मी गेलो होतो."

"कुठं?"

"आत. परवा तुम्ही दोघी क्लासला गेल्यावर. ताईंनी बटणं दाबली तेव्हा मी मागं उभा होतो ना. मॅच लागते का ते बघत होतो."

मालविका आधी फुरंगटली, मग त्या चपट्या बाईकडं बघून जी हसायला लागली ती थांबेना. शिवकांताला मात्र वाईट वाटलं. पोरीला फुकटचं ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि त्यात आपलाही हात होता.

"माझं बी चुकलं," ती म्हणाली. "घरात तीन माणसं, आन् म्या एकाचंच ऐकलं."

वहीत बघून तिनं एकेक आकडा जागेवर आणला. कुलूप ठेवायचं का, हे तिनं मालविकाला विचारलं. मालविका म्हणाली, बाबांना मॅच बघू द्या, फक्त आवाज नको, आतल्या खोलीत माझा अभ्यास चालतो. शिवकांतानं चॅनेल मोकळं केलं आणि आवाजाची कमाल मर्यादा शून्यावर ठेवली. माधवरावांनी आनंदानं मान्य केलं. जाताना त्यांनी शिवकांताला हळूच सांगितलं, की ती बटणं त्यांनी चहाच्या टपरीवर कुलूपवाल्या बाकीच्या पाच घरांतल्या बापांनाही शिकवलीत. बायका लेकरांना क्लासला सोडायला गेल्या की ते सगळे तिथंच बसायचे.

दुसऱ्या दिवसापासून ते पाच जणही एकेक करून आले. कोणाचं चित्र चपटं, कोणाचं तिरकं. शिवकांतानं वही उघडून आकडे जागेवर आणले आणि लेकरांना विचारून त्यांचंही चॅनेल मोकळं, आवाज शून्य केला.

अंतिम सामन्याच्या दिवशी रात्री ती दुकान आवरून मॅडमच्या गल्लीतून घरी चालली होती. गल्ली शांत होती. सहाही घरी टीव्ही चालू होता, आवाज कुठंच नव्हता. एवढ्यात सहा दारं बरोबरच उघडली आणि सहा बाप रस्त्यावर पळत आले. घरात दाबून धरलेलं सगळं तिथं ओरडून घेत त्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. वरच्या गॅलरीतून मालविका वाकून विचारत होती, "बाबा, किती रनांनी?"