इन्शाने केलेली नक्कल

राहात्याच्या इन्शाला एका जागी बसवत नसे. बाप पीरमहंमद पेरूचा व्यापारी. घरी क्रेट भरायला बसली तरी तिचा पाय हलत राही आणि तोंडाने गिऱ्हाइकांच्या नकला चालत. अकरावीत कॉलेजच्या एकांकिकेत तिला घेतलं ते या नकलांवरच.

मराठीच्या रामहरी सरांनी नाटक मुलांकडूनच लिहून घ्यायचं ठरवलं. घरात बोलता येत नाही अशी एक गोष्ट प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायची, नाव घालायचं नाही. मग डब्यातून ज्याच्या हाती जी येईल ती त्याने करून दाखवायची.

इन्शाच्या हाती आलेल्या चिठ्ठीत होतं, 'घरात माझ्याशी मार्कांशिवाय कुणी काही बोलत नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडते आणि आरशाशी गप्पा मारते. स्वतःलाच विचारते, जेवलीस का?'

इन्शाला त्यात गंमतच दिसली. ओढणी टॉवेलसारखी डोक्याला गुंडाळून, मान वेळावत तिने विचारलं, "काय गं, जेवलीस का? भाजी कशाची होती?" सगळा वर्ग खिदळला. तिची मैत्रीण निकिताही हसली. सरांनी तो प्रवेश नाटकात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून निकिता तालमीला येईना, फोन उचलेना. तिसऱ्या दिवशी इन्शा सायकल काढून तिच्या वस्तीवर गेली. निकिता गोठ्यामागे पुस्तक घेऊन बसली होती.

"बरं नाही का?"

"बरी हाय."

"मग?"

"ती चिठ्ठी माझी हुती."

पाचवीपासून दोघी एका बाकावर बसत होत्या. "मला माहीत असतं तर केलं नसतं," इन्शा म्हणाली.

"दुसऱ्या कुणाची असती तर चाललं असतं?"

इन्शा घरी आली, पण जेवली नाही. संध्याकाळी तिने बाथरूममध्ये नळ सोडला, आरशापुढे उभी राहिली. 'जेवलीस का' हे दोन शब्द तिला म्हणता येईनात. शेवटी पाणी वाया जातंय म्हणून अम्मीने दार वाजवलं.

सकाळी तिने सरांना सांगितलं, हा प्रवेश मी करणार नाही. सर बरं म्हणाले. दुपारी निकिताच तालमीच्या खोलीत आली.

"दुसऱ्या कुणाला देऊ नको. तूच कर. पण ओढणी गुंडाळू नको. अन् नळाचा आवाज मी काढते."

स्पर्धा कोपरगावला होती. विंगेत निकिता तांब्याने बादलीत पाण्याची धार सोडत होती. इन्शा नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "जेवलीस का?" मागच्या रांगा हसल्या. ती थांबली, तेच पुन्हा विचारलं. हसू विरलं. तेवढ्यात पाण्याचा आवाजही बंद पडला, निकिता धार सोडायचं विसरून ऐकत राहिली होती. पुढचं वाक्य इन्शाला आठवलंच नाही. पडदा पडेपर्यंत ती तशीच उभी होती.

नंबर आला नाही. शेवट फसला, असं परीक्षकांचं मत पडलं. परतताना टेम्पोत बाकीची पोरं गात होती. या दोघी बादली मध्ये ठेवून शेजारी बसल्या होत्या.

निकिताने नाटकाचं घरी सांगितलं ते आठवड्याने. कॉलेजच्या पायरीवर ती इन्शाला म्हणाली, "आईनं पहिलं काय विचारलं माहितीये? प्रॅक्टिकलचे मार्क कमी होतील का?" आणि हसली.

इन्शा हसली नाही. "मग तू काय म्हणालीस?"

निकिताने सॅक खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.