काजूच्या नक्षीचं कापड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धंच ठाऊक होतं, ती ते घेऊनच गेली. तुम्हाला सांगतो, कारण आता फार दिवस हे माझ्या हातात राहणार नाही.

शाहीन माझी पुतणी, माझ्याच घरी वाढली. रत्नागिरीत कॉलेजात शिकवते. आफ्रिकेतल्या बायकांच्या कथा मराठीत आणायचं काम तिने घेतलंय. तरुणपणी मी मोंबासाच्या बंदरात कामाला होतो, म्हणून मधेच आलेले स्वाहिली शब्द मला विचारते.

"चाचा, म्वानांगु म्हणजे काय वो?"

"माझं लेकरू." मी बशी खाली ठेवली.

कथा एका विधवेची. परक्या मुलुखातलं सासर, आंब्याची कलमं, दारावर बांधलेलं लाल कापड, त्यावर काजूची नक्षी. शाहीन हसली, "अगदी आपल्या शिलाई मशीनवर टाकलेलं!"

अगदी कसलं — तेच आहे ते.

ते झुहराचं. भावाने मोंबासाहून आणलेली बायको, शाहीनची आई. तिचं नावसुद्धा आम्ही राहू दिलं नाही, जुलेखा म्हणायचो. आमची बोली तिला चुलीपुरती यायची. भाऊ बोटीवर वारला तेव्हा शाहीन रांगत होती. झुहरा नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीत बसली. विधवेने परक्या पुरुषांसमोर यायचं नाही, म्हणून दारावर ते कापड. अलीकडे जमातीचे बुजुर्ग, पलीकडे ती. मधे मी — दोन्ही भाषा येणारा एकटा.

ती म्हणाली, लेकीला घेऊन माहेरी जाते. मी बुजुर्गांना सांगितलं, जाते म्हणते, मूल इथेच ठेवून.

बुजुर्ग चमकले. "परत विचार, पोरा. आई हाय ती. नेत असंल तर नेऊ दे."

परत विचारलं मी? कापडाकडे तोंड करून तिला सांगितलं — मुलगी मिळणार नाही, जमातीने ठरवलंय.

ती किंचाळली.

"काय म्हणते?"

"नवऱ्यासाठी रडते."

आम्हाला मूल नव्हतं. तेवढ्यासाठी. झुहरा एकटीच माहेरी गेली. पुढे शाहीनला सांगितलं, तुझी आई वारली.

लेखिकेचं नाव झुहरा नाही, वेगळंच आहे; पण कथा तिचीच. ती हयात आहे, पुस्तकाच्या पाठीवर लिहिलंय. शेवटची पानं शाहीन उद्या भाषांतराला घेणार. काल विचारत होती, "चाचा, त्या दुभाष्याला हिने नाव का दिलं नसंल?"

मी मशीनवरचं कापड सारखं केलं. कुठवर लपवणार?

त्याचं नाव इब्राहिम. ती त्याला चाचा म्हणते.