थापावाल्या सिस्टर

"सिस्टर आल्या थापा मारायला" असं आमच्या गावात कुणी म्हटलं, की नवखा माणूस बिचकायचा. दवाखान्यातल्या बाईबद्दल असं उघड कसं बोलतात? पण त्यात बदनामी काही नव्हती. लहान लेकराच्या घशात काही अडकलं तर त्याला पालथं धरून पाठीत थाप कशी मारायची, हे त्या गावोगाव शिकवत हिंडायच्या. लोहाऱ्याच्या बाजूला त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. "खोटं बोलायला मला जमत न्हाय, मंग ह्याच थापा मारते," असं त्या स्वतःच सांगायच्या.

स्कूटीवर पुढं, पायांपाशी, त्यांचं रबरी बाळ असायचं. डोक्याला टोपरं, गालावर काजळाची तीट. आता रबराच्या बाळाला कुणाची दृष्ट लागणार? मी पहिल्यांदा बघितलं आणि हसलो. त्यांनी मला लगेच सुनावलं, "हसू नका सर. तीट लावली की बाया ह्याला लेकरू म्हणून धरतेत. न्हायतर टरबूज धरल्यावानी धरतेत." तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळं ते बोलणं मी हसण्यावारी नेलं.

पुढं आमच्या घरात अन्वी आली. माझी आई तिला न्हाऊमाखू घालायची, पायावर घेऊन निजवायची, रात्र रात्र मांडीवर थोपटायची, पण घास म्हणून कधी भरवायची नाही. उष्टावणाच्या दिवशी सगळे पाटाभोवती जमले, तर आई स्वयंपाकघरात पाठ करून उभी. दूध उतू जाईल म्हणाली. शेगडीवर दूध नव्हतंच. बायकोला ते फार लागलं. माझी पोरगी आईंना परकी आहे का, असं तिनं मला त्या रात्री विचारलं, आणि मग मला सांगावंच लागलं.

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. छबी. वर्षाचीही नव्हती. अंगणात शेंगा फोडायचं काम चाललं होतं, रांगता रांगता तिनं दाणा तोंडात घातला आणि तो अडकला. आईनं तेच केलं जे आपल्याकडं सगळे करतात. टाळूवर फुंकर घातली आणि म्हणाली, वर बघ बाळा, चिमणी बघ. छबीनं वर बघितलं. वडिलांनी मला शेतात एकदाच हे सांगितलं, ते एवढंच. आमच्या घरी शेंगदाण्याची चटणी का होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तर सिस्टरांचं शिबिर अंगणवाडीत लागलं, तेव्हा बायकोनं मलाच धाडलं. बायांमध्ये मी एकटा बाप्या, सगळ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. सिस्टरांनी आधी विचारलं, लेकराला ठसका लागला तर काय करता? आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, वर बघ! मीसुद्धा. सिस्टर म्हणाल्या, खोकल्याचा आवाज येतोय तोवर खोकू द्या, आवाज बंद झाला की हात चालवा. वर बघायला लावून काही निघत नाही, उलट आत सरकतं. थाप वेळेवर बसली तर बहुतेक वेळा निघतंच. बाया माना डोलवत होत्या.

त्यांचा एक नियम होता. बाळ हातात घेतलं की आपापल्या लेकराच्या नावानं त्याला हाक मारायची. माझी पाळी आली. बाळ हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, हनुवटी तळव्यात. अन्वी म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, छबी. जिला मी कधी पाहिलं नाही, जिचा एक फोटोही घरात नाही, तिचं नाव. मग मला आवरेना. चार लोकांत मी असा हमसून हमसून कधी रडलो नव्हतो. बायांचं हसू थांबलं.

सिस्टरांनी बाळ माझ्याकडून काढून घेतलं नाही की पाणी द्या म्हणाल्या नाहीत. जवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "रडा की सर. पण हात थांबू द्यायचा न्हाय." मी रडत रडत थापा मारल्या. बाळाच्या तोंडात ठेवलेला वाटाणा सतरंजीवर पडला.

नंतर पायरीवर बसून त्यांनी छबी कोण ते विचारून घेतलं. आईला शिबिराला आणू का म्हटलं, तर नको म्हणाल्या, मीच चहाला येते. आल्या त्या त्याच आठवड्यात. उपदेश नाही, काही नाही. रबरी बाळ आईच्या मांडीवर दिलं, जरा धरा, मी चहा पिते म्हणाल्या. आईनं आपसूक त्याचं टोपरं सारखं केलं. चहा निम्मा झाल्यावर सिस्टरांनी आईचा हात हातात घेऊन थाप शिकवली. आईनं दोनतीनदा मारून बघितली आणि मान खाली घालूनच विचारलं, "बाई, तवा हे म्हाईत असतं, तर माझी छबी वाचली असती का वो?"

मी सिस्टरांकडं बघायचं टाळलं. शिबिरात त्या काय बोलल्या ते मी ऐकलं होतं.

सिस्टरांनी कप खाली ठेवला. "न्हाय, मावशी. एवढंसं लेकरू, दाणा पार खाली गेला असणार. तिथं थाप पोचत न्हाय. डॉक्टर शेजारी असता तरी त्यानं हात टेकले असते. तुमच्या हातात काय बी न्हवतं."

आईनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. मग त्या रबरी बाळाला छातीशी धरून ती रडली, माझ्यादेखत पहिल्यांदाच. तिचा हात थांबला होता, पण सिस्टर तिला काही बोलल्या नाहीत.

त्यांना पोचवायला मी स्कूटीपर्यंत गेलो. मला राहवेना. विचारलं, आत आईला सांगितलं ते खरं का?

"मला काय म्हाईत सर, मी होते का तिथं?" त्यांनी बाळ पायांपाशी नीट बसवलं. स्कूटी सुरू केली आणि म्हणाल्या, "गावभर थापा मारणारी म्हणतेत मला. एक मारली."

सिस्टर आता निवृत्त होऊन सोनारीला, आपल्या गावी गेल्या. त्यांचं बाळ नव्या सिस्टरकडं आहे, पण त्याला तीट नसते. वर्गात पोरांना खोटं बोलू नका असं सांगताना मला हटकून त्यांची आठवण येते आणि मी जरा अडखळतो.

परवा आई अन्वीला वरणभात भरवत होती. अन्वीला ठसका लागला. आईचा हात सवयीनं तिच्या टाळूकडं गेला आणि मधेच थांबला. वर बघ म्हणाली नाही. तिला पुढं वाकवून धरलं, हात पाठीवर तयार ठेवला आणि कान देऊन ऐकत राहिली. खोकल्याचा आवाज येत होता. अन्वी खोकली, मोकळी झाली आणि रडायला लागली. आईनं तिचं तोंड पदरानं पुसलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि ताटलीतला भात पुन्हा बारीक कुस्करायला घेतला.