दार फुगलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या नात्यातलं कुणी वाचत असेल तर हसेल. म्हणेल, मामाजी, ही गोष्ट तर तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता! सांगतो. पण ती गोष्ट वेगळी. मी इथे जी लिहायला बसलोय, ती तिच्या खाली दबलेली आहे — आणि दाबून धरणारा मीच.

आधी ती हसण्याची गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी लायकी कळेल. लग्न लागलं, जेवणं आटोपली, की भाचे-पुतणे मला घेरतात. "मामाजी, ते दाराची गोष्ट सांगा ना जी!" मग मी उठतो, सदरा सारखा करतो, पोट पुढे काढतो. पावसाळ्यात ऑफिसचं दार फुगलं, मी फाइलींच्या खोलीत अडकलो, खांद्याने ढकललं, पाठीने ढकललं, शेवटी पोटाने ढकललं — सगळं करून दाखवतो. शेवटी कुणीतरी ठरल्याप्रमाणे विचारतं, "दार फुगलं होतं का मामाजी फुगले होते?" आणि मंडप हसतो. मीही हसतो. सगळ्यांत मोठ्याने.

त्या वेळी दाराच्या बाहेर काय चाललं होतं, हे आजवर एकाही भाच्याने विचारलेलं नाही. का विचारतील? मी सांगतोच असं, की बाहेर काही नव्हतंच.

गोंदियात नवरा-बायकोची भांडणं ऐकणारं एक केंद्र आहे, तिथे मी कारकून. कुडव्याहून स्कूटरने यायचं, तारखा द्यायच्या, फाइली लावायच्या. माणसांशी बोलायचं काम वैशालीताईंचं. त्या समुपदेशक. चिचगडकडच्या, वयाने माझ्याहून लहान, मला भाऊ म्हणायच्या. दारू पिऊन आलेला नवराही त्यांच्यापुढे दहा मिनिटांत खुर्चीवर नीट बसायचा. मी कौतुकाने बघायचो — लांबून. कौतुक मी नेहमी लांबूनच करतो.

त्या दिवशी एका बाईचा नवरा आला. ती बाई मार खाऊन घर सोडून गेली होती. कुठे राहते, हे फक्त आमच्या फाइलीत होतं. वैशालीताई मला म्हणाल्या, "भाऊ, यांची फाइल आणता का?" मी आतल्या खोलीत गेलो. फाइल काढली. आणि बाहेर आवाज चढला — "माही बायको कुठी लपवून ठेवली, सांग!" मग स्टूल सरकल्याचा आवाज. मग — स्टूल पडल्याचा नव्हता तो. स्टूल मारल्याचा होता.

आता त्या दाराच्या आतल्या कडीबद्दल सांगावं लागेल. इतका वेळ तिच्याभोवतीच फिरतोय.

ते दार पावसात फुगायचं, हे खोटं नाही. लोटलं की चौकटीला घासायचं. पण फुगलेल्या दाराला कडी आपोआप लागत नाही हो. दार दोन्ही हातांनी लोटावं लागतं, खांद्याने वर उचलावं लागतं, मगच कडी छिद्रात बसते. फाइल काखेत धरून मी हे सगळं केलं. अगदी नीट. घाबरलेला माणूस इतकं नीट काम करतो?

वैशालीताईंनी तीनदा दार वाजवलं. ओरडल्या नाहीत. चहा सांगायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "भाऊ, दार उघडा." तिसऱ्यांदा नुसतंच "भाऊ". चौथ्यांदा वाजलं नाही. माझा मोबाईल खिशात होता. तोही मी काढला नाही — बोललो तर बाहेरचा तो नवरा ऐकेल ना!

फाइल वाचवली, पत्ता वाचवला, असं मी स्वतःला सांगून पाहिलंय. त्या वेळी पत्ता माझ्या डोक्यातही नव्हता. डोक्यात माझं डोकं होतं.

समोरचा चहावाला धावत आला, तेव्हा तो नवरा पळाला. चहावाल्याने दारावर थाप मारली, "बाबूजी, खोलो, भाग गया वो!" मी हळूच कडी काढली, आणि मग आतून दाराला धडका द्यायला लागलो. एक, दोन, तीन. पोटानेसुद्धा. बाहेर आलो तो धापा टाकत. "दार फुगलं होतं ना!" वैशालीताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवं मनगट मांडीवर, नको तिकडे वळलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लोखंडी कडी आहे ती. तिचा आवाज दोन्हीकडे येतो.

पुढे चौकशीला वरून माणसं आली. वैशालीताईंनी डाव्या हाताने अर्ज लिहिला होता: सुरक्षा रक्षक द्या, बैठकीला दोन कर्मचारी ठेवा, आमच्या खुर्चीमागे बाहेर जायला वाट द्या. मला विचारलं, मदतीला का गेला नाहीत? म्हटलं, दार फुगलं होतं. एका साहेबांनी दार लोटून पाहिलं. अडकलं. "खरंच की," म्हणाले. सगळ्यांना केवढं बरं वाटलं! रक्षक मागायचा तर मंजुरी लागते. सुताराला नुसता निरोप पुरतो.

सुतार आला, दाराला रंधा मारला, कडीला तेल दिलं. अर्जावर शेरा आला — दाराची दुरुस्ती झाली आहे, सबब तूर्त आवश्यकता नाही. तो कागद फाइलीला लावला कुणी? मीच.

माझ्या मुलीच्या लग्नाला वैशालीताई आल्या होत्या. भाचे नेहमीसारखे मागे लागले. मी टाळायला बघत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सांगा ना भाऊ. मलेबी आयकाची आहे." ताट मांडीवर, घास डाव्या हातात. काय केलं असतं तुम्ही? मी सांगितली. पोटासकट. मंडप हसला. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. गोष्टीत कडी कधी येते याची वाट पाहत असल्यासारख्या शेवटपर्यंत बसल्या. माझ्या गोष्टीत कडी येत नाही. दोन महिन्यांनी नोकरी सोडून त्या गावी गेल्या.

त्यांच्या जागी रोशनी मॅडम आल्या. दोन लेकरांच्या आई. पहिल्याच दिवशी मी त्यांना दाराची गोष्ट सांगितली, पोट धरून हसवलं, आणि वर सल्ला दिला — कुणी अंगावर आलं तर सरळ आत जायचं, आता कडी एका बोटाने लागते. आमच्या केंद्रात सुरक्षेची व्यवस्था म्हणून जी काही आहे, ती ही.

मागच्या उन्हाळ्यात मी टपाल द्यायला गेलो असताना एक नवरा असाच उठला. रोशनी मॅडम आत गेल्या. कडी एका बोटाने लागली. त्याची बायको बाहेरच राहिली. तिच्या डोक्याला टाके पडले. नंतर ती तारखेला आली नाही. कुठे आहे, कशी आहे, माझ्याकडे नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी रोशनी मॅडम अहवालाचा कोरा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. हळूच म्हणाल्या, "भाऊ, दार फुगलं होतं म्हणून लिहू का?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांना खरं सांगायला मला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी टपालवही उघडली.

"उन्हाळा आहे, मॅडम," मी म्हणालो. "उन्हाळ्यात दार फुगत नाही."