बॅकअपची उगवण

आमच्या शेजारची शालू जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत कामाला आहे. पाच वर्षं तिने उगवणच तपासली. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळायचे, आठवड्याने कोंब मोजायचे. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून कंपनीची वेबसाइटही तिच्याच गळ्यात पडली. मे महिन्यात शेतकरी त्या वेबसाइटवर बियाण्यासाठी नावं नोंदवतात, आणि वेबसाइटच्या सॉफ्टवेअरचा अपडेट नेमका तेव्हाच आला.

"बॅकअप घेतला ना? मंग कर जल्दी," मालक काकासाहेब म्हणाले.

"घेतला, पण उगवतो का ते पाहून राह्यले."

"वेबसाइट हाय का सोयाबीन?"

शालूने तो बॅकअप चालू वेबसाइटला हात न लावता क्लाउडवर एका वेगळ्या, रिकाम्या जागी उघडला. पानं, फोटो सगळं होतं. शेतकऱ्यांच्या नावांची यादी मात्र कोरी. ती यादी ज्यात साठते तो डेटाबेस घ्यायचाच राहिला होता. तिने नोंदणी तासभर बंद ठेवली, डेटाबेससकट बॅकअप घेतला आणि पुन्हा उघडून पाहिला. यादीत घनसावंगीच्या तिच्या आईचं, जयवंताबाईंचं नाव दिसलं, तेव्हाच तिने अपडेट केला.

अपडेट होताच नोंदणीचं पान पांढरं पडलं. काकासाहेबांचं तोंडही तसंच. शालूने बॅकअप परत चढवला आणि अर्ध्या तासात सगळी नावं जागेवर आली. बिघाड तिने त्या वेगळ्या जागी निवांत शोधला आणि दुसऱ्या दिवशी अपडेट बिनबोभाट झाला.

परवा पुन्हा नवा अपडेट आला. काकासाहेबांनी दारातूनच विचारलं, "शालू, उगवला का बॅकअप?"