शेवटच्या डब्याची पाटी

शिरूरच्या एका इंग्रजी शाळेत नोकरीसाठी माझ्या सुनेला वर्गावर धडा घेऊन दाखवायचा होता. आधी दोन शाळांनी तिला परत पाठवलं होतं. येतं सगळं, पण पोरांना समजावता येत नाही, असं म्हणाले. ही तिसरी. इथंही जमलं नाही तर शिकवणं सोडून ती कंपनीत पॅकिंगला जाणार होती. आदल्या दुपारी मांडवगणला आमच्या ओट्यावर तिनं मलाच विद्यार्थी केलं. माझी शाळा चौथीपर्यंत.

होऊन गेलेली गोष्ट इंग्रजीत दोन तऱ्हांनी सांगतात म्हणे. कुठली कधी वापरायची, हा धडा. तिनं गाईडातला नियम वाचला. मला ओ की ठो कळलं नाही.

“समजा आत्या, माझी किल्ली हरवलीय.”

“शोध की मग आधी.”

“खरी न्हाई ओ हरवली!”

“मग खरं कायतरी सांग.”

ती रडकुंडीला आली. मला मात्र फाटक आठवलं. आमचे मालक रेल्वेत गेटमन होते. दौंडच्या अलीकडं फाटकाशेजारच्या खोलीत आम्ही बारा वर्षं काढली. पावसाळ्यात चूल पेटत नसे, पोरांना रुळावरून ओढून आणून हात दुखत. तरी आठवण त्याच खोलीची येते. गाडी धडधडत गेली की उसाच्या गाडीवाले ओरडायचे, “अहो पाव्हणं, गेली की गाडी! उघडा!” मालक हलायचे नाहीत. मागं एखादा डबा सुटून राहिला नाही ना, हे कळायला शेवटच्या डब्याच्या पाठीवर पाटी असते; ती नीट बघितल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, हा नियम. “तुमच्यापुरती गेली आबा, पाटी बघू द्या.” आत भाकरी थापताना मला हसू यायचं. आता तिथं पूल झालाय. खोली पाडली.

हे सांगितलं तशी सून ताठ बसली. “थांबा. गाडी आत्ता गेलीय, पण तिच्यापायी फाटक अजून बंद, माणसं खोळंबलीत. हे हॅज गॉन. कालची गाडी काल गेली, माणसं घरी जाऊन जेवली, झोपली. हे वेंट. बराबर?”

“मला काय विचारती? पण हे कळलं.”

मग ती वाक्यं सांगे आणि मी फाटक उघडं का बंद ते सांगे. पाचात एक चुकलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या एसटीनं ती परतली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, “आत्या, शिरूरला रेल्वे न्हाई!”

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. निम्म्या पोरांनी फाटक पाहिलेलंच नाही. “टीचर, फाटक मीन्स?” मग हिनं दोन पोरं काठी धरून उभी केली, दहा-बारांची गाडी केली, बाकीची खोळंबवली. गाडी जायची आणि अडलेली पोरं काठीमागून ओरडायची, “हॅज गॉन! हॅज गॉन!” पाठीमागं बसलेल्या मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, आवाज फार झाला.

“म्हंजी गेली का नोकरी?”

“सोमवारपासनं बोलावलंय.”

आता ती सातला घर सोडते. सकाळच्या भाकरी मला एकटीला थापाव्या लागतात आणि थापताना बोलायला कुणी नसतं. नोकरी धर म्हणून तिच्यामागं लागलेली मीच, त्यामुळं तक्रार करायला तोंड नाही.