सहावा दगड: सांगली ते भाऊचा धक्का

लोक मुंबईला नोकरीसाठी जातात, नाहीतर समुद्र बघायला. मी गेलो होतो तो दगड घासताना बघायला.

या ब्लॉगवर हंपीपासून हिमाचलपर्यंतच्या सहली लिहून झाल्या. परवा एका वाचकाने विचारलं, सगळ्यात लक्षात राहिलेली सहल कोणती? ती ही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या दिवसांची गोष्ट आहे, दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. या वाटेने आता कुणाला जाता येणार नाही. ट्राम बंद झाली, बोट बंद झाली, आणि दगडावर चित्रं छापणारी प्रेस होती तिथे इमारत उभी आहे, जिच्या वॉचमनने मला गेल्या वर्षी आत सोडलं नाही. तरी रस्ता आणि जेवणाचे तपशील देतो. सवय आहे.

आधी नाद सांगतो. सांगलीत आमचं औषधांचं दुकान होतं. त्यातून उरलेले पैसे मी पुस्तकांत घालायचो, आणि तीही वाचायची पुस्तकं नव्हेत. चित्रकार स्वतः चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर चरबीच्या खडूने चित्र काढतो. मग दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवतात. शाई फक्त खडूच्या रेघांना धरते आणि कागद दाबला की चित्र उतरतं. याला शिळाछाप म्हणतात. अशा चित्रांच्या पुस्तकाच्या मोजक्याच प्रती काढतात आणि प्रत्येकीवर नंबर घालतात. त्यानंतर दगड वाळू-पाण्याने घासून कोरा करतात. दुसऱ्या दिवशी त्याच दगडावर कुणाच्या लग्नाची पत्रिका किंवा सुपारीचं लेबल निघतं. दगड घासला की चित्राची आणखी प्रत निघत नाही. संग्राहकाला चित्र आवडतं हे खरं, पण ते दुसऱ्याला मिळणार नाही हे त्याहून आवडतं.

वसंता नावाचा चित्रकार मला कोल्हापूरच्या एका प्रदर्शनात भेटला होता. ‘परळची आठ माणसं’ असं त्याचं पुस्तक निघणार होतं. मी पैसे आधीच भरले, पण अट घातली की आठही दगड माझ्यासमोर घासले पाहिजेत. बाकीच्या गिऱ्हाइकांपैकी कुणाला हे सुचलं नव्हतं. मला याचा अभिमान वाटत होता.

मिरजेहून पुण्यापर्यंत मीटरगेज. पुण्याला गाडी बदलायची, तिथे पुरेसा वेळ मिळतो, चहा मात्र घेऊ नये. पुस्तक ठेवायला मी सुताराकडून खास सागवानी पेटी करून घेतली होती, आतून मखमल लावलेली. ती मांडीवर घेऊन रात्रभर बसलो. समोरच्या बाईंनी विचारलं, "देव आहेत का हो आत?" मी म्हटलं, रिकामी आहे. त्यांनी पाय जवळ ओढून घेतले.

दादरला उतरून गिरगावची ट्राम धरली. भिंतीभिंतीवर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा होत्या, काही रंगाने आणि काही चक्क डांबराने. मुगभाटात एका वाडीत, चाळीच्या तळमजल्यावर आप्पांची प्रेस. जाणाऱ्याने आधी कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवून घ्यावं, कारण प्रेसमध्ये शिरल्यावर प्रत्येक पदार्थाला रॉकेलचा वास येतो.

आप्पा म्हणजे प्रेसचे मालक. चळवळीतले कट्टर माणूस, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"तुम्हीच काय ते दगड घासायला लावणारे?"

"हो."

"बसा. धूळ नाही, चिखल उडतो. कोट काढा."

मी कोट काढला नाही. संध्याकाळपर्यंत सात दगड घासून झाले. एक दगड खाली, एक वर, मध्ये वाळू आणि पाणी, आणि माणूस वरचा दगड गोल गोल फिरवतो. घमेलंभर राखाडी पाणी वाहून जातं, त्यात चित्रही जातं. मी दरवेळी मान डोलवत होतो. सहावा दगड मात्र वसंता सारखा मागे सारत होता. शेवटी तोच उरला आणि आप्पा सभेला जायचं म्हणून उठले. "हा उद्या. पण उद्या नक्की. मला त्याच्यावर सभेचं पोस्टर काढायचंय. जर्मन दगड आहे, हल्ली येत नाहीत."

माझी प्रत मला तेव्हाच मिळाली. नंबर चार. मी हात दोनदा धुऊन ती उघडली. पुस्तक अप्रतिम होतं. सहाव्या चित्रात एक तरुण पाटासमोर मांडी घालून, धुतलेला हात ताटावर धरून भाताची वाट बघत बसला होता. भूक इतकी खरी काढली होती की मलाच भूक लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वसंता मला लालबागला जेवायला घेऊन गेला. गिरणीत कामाला आलेल्या एकट्या कोकणी माणसांना महिनेवारीवर जेवू घालणाऱ्या बायांच्या तिथे खानावळी होत्या. ही शेवंताबाईंची. दहा बाय बाराची खोली, चुलीजवळ त्या आणि भिंतीला टेकून जेवणारे. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. सांगलीच्या माणसाने पहिल्यांदा अर्धाच बांगडा घ्यावा, काटे काढायची सवय नसते. वसंताने पुस्तकातली आठही माणसं याच खोलीत निवडली होती, पाचवं चित्र खुद्द शेवंताबाईंचं.

मी दुसऱ्यांदा भात घेतल्यावर त्या म्हणाल्या, "सांगलीकरानु, तुमी म्हणे दगड घासूक इल्यात?"

मी हो म्हटलं.

"त्याच्या आधी माका एक चित्र काढून देवा. सदूचा. तेच्या आवशीक धाडूचा आसा."

भाताची वाट बघणारा तो सदू. शेवंताबाईंच्या बहिणीचा मुलगा, गिरणीत बदली कामगार. चळवळीत गोळीबार झाला त्या दिवशी तो मोर्च्यात नव्हता. पाळी सुटून जेवायला येत होता, आणि कोपऱ्यावर त्याला गोळी लागली. त्याच्यासाठी वाढलेलं ताट त्या दिवशी कुणी उचललं नाही. आई मालवणजवळच्या गावात. तिला तार मिळाली तोवर सगळं आटोपलं होतं.

"तिच्याकडे फोटो नाय तेचो," शेवंताबाई म्हणाल्या. "लगीन झाला असता तर निघालो असतो एखादो."

मी माणूस वाईट नाही. पण तोंडात त्यांचाच भात असताना मी त्यांना समजावून सांगितलं की प्रतींचा आकडा ठरलेला असतो, तो पुस्तकात छापलेला असतो, आणि एक जास्त काढली तर बाकीच्यांची फसवणूक होते. हे सगळं खरं होतं. खोलीत कुणीच जेवत नव्हतं.

"बरा," त्या म्हणाल्या. "तुमचो धंदो तुमका ठावक. मगे माका एकदा बघूक तरी घेवन चला."

"तुमचं पण चित्र आहे त्यात," वसंता म्हणाला.

"माझा कित्याक? मी आसय हंय."

त्यांनी चूल शेजारणीवर सोपवली, पदर खोचला आणि आमच्याबरोबर ट्रामने गिरगावात आल्या. वाटेत मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

प्रेसमध्ये मी पेटीतून पुस्तक काढलं आणि सहावं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. हातात दिलं नाही. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

"ह्यो सदू न्हय."

वसंताचा चेहरा पडला. "मावशी, तुमच्यासमोर काढला की!"

"डाव्या हातान भात खाता ह्यो. सदू कधी डाव्या हातान जेवलो? आवस बघीत तर काय म्हणात? मुंबयक जावन पोर वळण इसारला?"

मी पुन्हा बघितलं. ताटावर धरलेला हात डावा होता. कालपासून ते पान बघून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दगडावरचं चित्र कागदावर उलटं उतरतं, म्हणून चित्रकार मुळात उलटं काढतात. बाकीची सात चित्रं वसंताने घरी आरशात बघून उलटी काढली होती. सदूला मात्र बसायला वेळ नसायचा. म्हणून वसंता ट्रामने दगडच खानावळीत घेऊन गेला, आणि समोर दिसेल तसं सरळ त्याच्यावर काढलं. कंडक्टरने दगडाचं वेगळं तिकीट मागितलं होतं, एवढं त्याला आठवत होतं. हात उलटेल हे विसरला होता.

आप्पांनी पोस्टरचा कागद कापून ठेवला होता. त्यांनी सहावा दगड उचलून घासायच्या टेबलावर ठेवला आणि वाळूचा डबा घेतला. शेवंताबाई सहज तिकडे वळल्या आणि थांबल्या.

दगडावर सदू उजवा हात पुढे करून बसला होता. पिवळसर दगड, काळ्या रेघा. डोक्याच्या उजव्या बाजूचा भोवरासुद्धा जागच्या जागी.

"ह्यो बघा," त्या म्हणाल्या. "ह्यो आमचो सदू."

त्यांनी दोन्ही तळवे दगडावर ठेवले. आप्पा डबा हातात धरून उभे राहिले. शिळेवर चित्र असताना तेलकट हात लावायचा नसतो, हे त्या प्रेसमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

माणूस गेला की त्याच्या नावाने एक खडा ठेवतात, दहा दिवस त्याला पाणी देतात आणि मग तो सोडतात. जीवखडा. सदूचा दादरच्या चौपाटीवर सोडला होता, आई नसताना. शेवंताबाई दगडाकडेच बघत म्हणाल्या, "धा दिवस खडो पुजलो, मगे पाण्यात सोडलो. ह्यो सोडूचो नाय."

आप्पा हळू आवाजात म्हणाले, "बाई, दगड प्रेसचा आहे. पोस्टर सभेचं आहे. त्याच्यासाठीच गेला ना तुमचा पोरगा?"

"तो जेवूक येत होतो," शेवंताबाई म्हणाल्या.

आप्पांनी वाळूचा डबा खाली ठेवला. पण दगड देतो असंही म्हणाले नाहीत, आणि त्यांचं चुकत नव्हतं. वसंताकडे द्यायला काही नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण दगड घासायची अट माझी होती.

खोटं बोलत नाही, मी आधी माझ्या प्रतीचा विचार केला. दगड असाच सदूच्या आईकडे कोकणात गेला तर तो घासला गेला नाही असंच होणार, मग नंबर चारला काय अर्थ? मग मी त्या बाईचे हात बघितले. कांद्याने आणि राखेने काळे पडलेले, आणि दगड थंड असणार तरी त्या ते उचलत नव्हत्या.

मी आप्पांना विचारलं, असा दुसरा दगड कुठे मिळेल? ते म्हणाले, चर्नी रोडला एक प्रेस बंद पडलीय, तिचे दगड विकायला निघालेत, पण फुकट नाहीत. माझ्याकडे परतीचं भाडं होतं आणि पुस्तक होतं. एक पारशी गृहस्थ प्रतीसाठी तीनदा येऊन गेले होते, हे आप्पांनीच काल सांगितलं होतं. मी पुस्तक आप्पांसमोर ठेवलं, म्हटलं, हे त्यांना विका आणि दुसरा दगड घ्या. वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

"विचार करून सांगताय?" आप्पांनी विचारलं.

"विचार केला तर नाही सांगणार," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊचा धक्का. रे रोडच्या बाजूने चालत गेलात तर लाकडाच्या वखारींतून जावं लागतं, पायात बूट हवेत. आम्ही हातगाडी केली होती. गोणपाट, त्यात शेवंताबाईंची गोधडी आणि गोधडीत दगड. बोटीवर चढवायला मी आणि वसंता दोन बाजूंनी. तेव्हा मी कोट काढला.

सामान बघणाऱ्या माणसाने गोणपाटाला लाथेने चाचपलं. "काय आहे?"

"दगड," मी म्हटलं.

"कोकणात दगड नेताय? तिकडे कमी पडले काय?"

"पाय काढ," शेवंताबाई म्हणाल्या. "ह्यो थंयचोच आसा."

त्याने पाय काढला. आम्ही दगड डेकवर सावलीच्या बाजूला ठेवला, त्या शेजारी बसल्या आणि गोधडीचं एक टोक त्यांनी मांडीवर ओढून घेतलं. निघताना त्यांनी माझी पेटी मागितली आणि तीत सुकट भरून दिली, मखमलीवरच. "घरच्यांका सांगा, भाजून घेवा."

सांगलीला पोचलो तेव्हा बायकोने पेटी उघडली आणि लगेच मिटली. तिने पुस्तकाचं विचारलं, मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पेटी बाहेर ठेवा." त्या पेटीचा वास कधीच गेला नाही. पुस्तकं मी नंतरही घेत राहिलो, दगड घासायची अट मात्र परत कुणाला घातली नाही.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका कॉलेजात जुन्या चित्रपुस्तकांचं प्रदर्शन भरलं. काचेखाली ‘परळची आठ माणसं’ होतं, सहावं पान उघडलेलं. नंबर चार नव्हता, तो कुठे आहे मला माहीत नाही. खाली चिठ्ठी होती: डावखुरा कामगार. मी तिथे उभ्या असलेल्या मुलीला म्हटलं, हा डावखुरा नव्हता, लिहिलंय ते बदला.

ती नम्रपणे म्हणाली, "आजोबा, तुम्ही भेटला होतात का त्यांना?"

"हो," मी म्हटलं. "भाऊच्या धक्क्यावर मीच त्याला बोटीत बसवून दिलं."